जांभळी झाक

टवटवीत दिसणाऱ्या कोणत्याही गोष्टीचा खालांना मनापासून तिटकारा होता. रोप असो, लग्नातला नवरदेव असो, नाहीतर नव्याने बदलून आलेला तलाठी असो, अंगावर तुकतुकी दिसली की खालांचं नाक वर जायचं आणि तोंडातून एकच शब्द पडायचा, "नाजूक." हा शब्द त्या अशा म्हणायच्या की ऐकणाऱ्याला आपल्या घराण्यातली एखादी जुनी चोरी उघडकीला आल्यासारखं वाटावं. मला त्या अकरा वर्षांत किती वेळा नाजूक म्हणाल्या याची मी नोंद ठेवली नाही. बाकी सगळ्याची ठेवली आहे.

आमची रोपवाटिका ढोकीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दिवसभर धूळ उडवत जातात. ती धूळ रोपांवर बसू नये म्हणून पहिल्या वर्षी मी पॉलीहाऊसच्या रस्त्याकडच्या बाजूला दुहेरी पडदे लावले होते. खाला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पडदे पाहिले, आतली ऊब अंगावर घेतली आणि विचारलं, "हितं कुनी बाळंतीण हाय का?"

त्या आपणहून आल्या नव्हत्या, मी बोलावलं होतं. कारण माझी पहिली खेप बुडाली होती. बियाणं, ट्रे, कोकोपीट, औषधं, पाण्याच्या वेळा, सगळ्याच्या याद्या करून मी टोमॅटोची रोपं काढली होती. वीतभर उंच, हिरवीगार, एकसारखी. गिऱ्हाईक बघूनच खूश व्हायचं. गिऱ्हाइकाला उंची पाहिजे असते; रोपाची उंची आणि जावयाचा पगार, दोन्ही लोक लांबूनच मोजतात. आठ दिवसांनी निम्मे लोक परत आले. शेतात लावल्यावर रोपं एका वाऱ्यात आडवी झाली होती.

खाला आमच्याच गावच्या. आयुष्यभर त्यांनी घरामागच्या उघड्या अंगणात मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं वाढवली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडी बाजारात विकली. रोपं बुटकी, काळपट, दिसायला अगदी दरिद्री. पण लोक त्यांच्यासाठी थांबून राहायचे. त्यांनी माझ्या ट्रेमधलं एक उंच रोप दोन बोटांत धरलं, वाकवलं आणि सोडून दिलं. ते वाकलेलंच राहिलं.

"तेरखेड्याचा फटाका हाय ह्यो," खाला म्हणाल्या. "सुर्र करून वर गेला, फटाक्. झालं."

"मग काय करायचं, खाला?"

"रोपाला आदी पस्तावा झाला पायजे. जल्माला आल्याचा पस्तावा झाला की मग ते मरत न्हाय."

मी हे वहीत लिहून घेतलं. खालांनी वहीकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी तिथे नखं कापत बसले होते. त्या दिवसापासून खाला रोज रोपवाटिकेत यायला लागल्या आणि माझं नाव 'यादीवाली' पडलं. गावात आजही काही लोक तेवढंच ओळखतात.

पस्ताव्याची रीत त्यांनी मला शिकवली ती अशी. रोपांना चार-पाच पानं आली की ट्रे आतून काढायचे आणि पॉलीहाऊससमोरच्या मोकळ्या अंगणात न्यायचे. पहिल्या दिवशी लिंबाच्या सावलीत दोन तास, मग परत आत. दुसऱ्या दिवशी चार तास. पुढे अर्धा दिवस, पुढे पूर्ण दिवस, आणि शेवटी रात्रीही बाहेर. पाणी कमी कमी करत जायचं. रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवायचा. लांबून ते कुरवाळणं वाटायचं. जवळून पाहिलं तर खाला रोपांना चापट्या मारत असायच्या. बारा दिवसांनी रोपाची वाढ थांबलेली असायची, पान जाड झालेलं असायचं आणि पानामागे, देठाला, जांभळी झाक आलेली असायची. ती झाक दिसली की रोप थंडीला तयार. त्याआधी कितीही मोठा माणूस मागायला आला तरी खाला ट्रे हलवू द्यायच्या नाहीत.

त्यांची रीत इतकी चांगली का चालते हे मला पुढे वाचून कळलं. थंडी एकदम आली तर रोप मरतं. थोडी थोडी आली तर ते तयारीला लागतं, वाढ आवरतं, आतला रस घट्ट करतं. पण ही तयारी कायमची नसते. पुन्हा ऊब मिळाली की रोपाला वाटतं, संपली थंडी, आणि ते सगळी तयारी मोडून परत कोवळं व्हायला लागतं. तयारीला बारा दिवस लागतात. मोडायला तीन पुरतात. हे मी खालांना मोठ्या उत्साहाने सांगितलं तेव्हा त्या सुपारी कातरत होत्या.

"ह्याच्यासाठी पुस्तक लागलं व्हय?" त्या म्हणाल्या. "शहानपन हळू येतं, लाड लवकर लागतात. आमच्या धाकट्याला बघून पन कळलं असतं."

पुस्तकावर त्यांचा राग नव्हता, यादीवर मात्र होता. मी दारामागे रोजच्या कामांची यादी लावायची आणि काम झालं की खूण करायची. खाला यादी वाचू शकत नव्हत्या असं नाही. सावकाश, बोट ठेवून वाचायच्या. पण वाचून झालं की म्हणायच्या, "कागदाला थंडी वाजत न्हाय, बाई." मला हे वाक्य फार लागायचं, कारण मी नीट काम करणारी बाई आहे आणि माझ्या यादीमुळेच बियाणं वेळेवर यायचं, ट्रे धुतलेले असायचे, टेम्पो ठरलेल्या दिवशी दारात उभा असायचा. खालांच्या भरवशावर टेम्पो सोडला असता तर तो अजून ढोकीत चहा पीत असता. हेही सांगितलं पाहिजे. खाला संत वगैरे नव्हत्या. हेकट होत्या, कुणाचं चांगलं बोलायच्या नाहीत, आणि माझ्या चहाला 'उसाची मळी' म्हणायच्या.

आता त्या वेळ अमावस्येबद्दल. ती टाळून खालांबद्दल लिहिणं खोटं होईल.

सोनारीचे आबा आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी उन्हाळी टोमॅटोसाठी मोठी मागणी दिली होती. त्यांचं रान ओढ्याकाठी, सखल. तिथे थंडी साचते. आबा स्वतः येऊन अंगणात खालांसमोर बसले होते. "खाला, माझ्या रानात गारठा लई. औंदा दुसरं काईच लावलं न्हाय, सगळी मदार ह्या रोपांवर. मरनार न्हाईत ना?"

"मरनार न्हाईत," खाला म्हणाल्या. बस. आबा उठून गेले. पावती नाही, आगाऊ बोलणं नाही. खालांचा शब्द म्हणजे तेवढाच असायचा.

बारा दिवस पूर्ण झाले. झाक आली. अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी आबांचा टेम्पो येणार होता. खाला भाचीच्या लग्नाला परंड्याला गेल्या, चार दिवसांसाठी. जाताना म्हणाल्या, "पानी घाल. दुसरं काय पन करू नको."

आमच्या भागात वेळ अमावस्येला सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप उभी करायची, पूजा करायची, आंबील, सगळ्या भाज्या मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि ओळखीचा-बिनओळखीचा जो येईल त्याला बसवायचं. त्या वर्षी माझ्या सासरची, माहेरची, नवऱ्याच्या ऑफिसातली अशी सगळी मिळून माणसं फार होती. मी अर्थातच यादी केली. पंगत कुठे बसवायची? सपाट, सारवलेली, लिंबाची सावली असलेली जागा एकच होती. तिथे आबांचे ट्रे मांडलेले होते.

मी ट्रे उचलून आत नेले. अमावस्येच्या आदल्या दोन दिवसांत सारवण, कोप आणि चुली करायच्या म्हणून तेव्हाच नेले. म्हणजे तीन दिवस. आत छान ऊब होती. मला वाटलं, बरंच झालं, तेवढाच रोपांना आराम. यादीतल्या 'जागा मोकळी करणे'पुढे मी खूण केली. पाण्याच्या टाकीमागे सहा ट्रे होते. ते पंगतीच्या वाटेत येत नव्हते, म्हणून तिथेच राहिले.

पंगत उत्तम झाली. भज्जी कमी पडली नाही. दुसऱ्या दिवशी ट्रे बाहेर काढताना मी पाहिलं, रोपं काय सुरेख दिसत होती! काळपटपणा गेला होता, नवी कोवळी पानं फुटली होती, देठ हिरवे झाले होते. इतकी वर्षं खालांच्या हाताखाली काढून मी त्या हिरव्या देठांकडे कौतुकाने पाहिलं आणि टेम्पोत भरून दिली. इतकं मूर्ख कौतुक मी नंतर कशाचंच केलं नाही.

तिसऱ्या पहाटे गारठा पडला. सकाळी आबांचा फोन आला. ते चिडले नव्हते, हे जास्त वाईट होतं. "बाई, रोपं उकडल्यावानी झाल्यात," एवढंच म्हणाले. खाला आदल्या संध्याकाळीच परतल्या होत्या. मी त्यांना सांगितलं. त्या अंगणात आल्या, सारवलेल्या जागेकडे, मग पॉलीहाऊसकडे पाहिलं. मग टाकीमागे गेल्या. ते सहा ट्रे काळपट, जांभळे, रागावलेल्या म्हाताऱ्यांसारखे ताठ उभे होते. एकही रोप मेलं नव्हतं.

"यादीत व्हतं का गं," खालांनी विचारलं, "'रोपं आत न्यायची न्हाईत' म्हनून?"

"नव्हतं."

"मग तुझी काय चूक? कागदाची चूक."

आम्ही एसटीने सोनारीला गेलो. रानात आबा बांधावर बसले होते. ओळीच्या ओळी काळ्या पडून जमिनीला चिकटल्या होत्या. आबांनी खालांना बघून डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"खाला, तुमी म्हनला व्हता, मरनार न्हाईत."

"म्हनले व्हते. मेली. आता आदी शिव्या द्या आबा, मग चहा द्या."

"चुकलं कुठं?"

मी खालांच्या शेजारी उभी होते. मला वाटलं, आता त्या बोट दाखवतील. दाखवायलाच हवं होतं. खाला वर आभाळाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या अंगनातून आली. मीच घाई केली. झाक बघितली न्हाय."

एवढी टापटिपीची बाई, सगळ्याच्या नोंदी ठेवणारी, आणि त्या बांधावर उभी राहून मी माझ्या पदराचं टोक बघत होते. आबा चहा आणायला गेले.

परतीच्या एसटीत खाला खिडकीशी बसल्या होत्या. काच नीट लागत नव्हती, थंड वारा थेट त्यांच्या तोंडावर येत होता. तोंड तसंच वाऱ्यात ठेवून त्या म्हणाल्या, "कबूल करायला पन यादी लागती का गं तुला?"

मला शाळेत मार बसला आहे, सासूने बोलून घेतलं आहे, बँकेच्या साहेबाने उभं करून ठेवलं आहे. त्या सगळ्यात मिळून जेवढी लाज वाटली नाही, तेवढी त्या वाक्यात वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना फोन केला आणि सगळं सांगितलं, पंगतीसकट.

"ठाऊक हाय, बाई," आबा म्हणाले. "खाला खोटं बोलताना ढगाकडं बघतात. आभाळात तर एक ढग न्हवता त्या दिवशी, पन त्यांला दिसत व्हता."

ते सहा ट्रे आम्ही आबांना नेऊन दिले आणि नवीन खेप खालांनी स्वतः बाहेर काढली. बारा दिवस पहाटे त्या आधी येऊन बसायच्या. मला हात लावू द्यायच्या नाहीत. तेराव्या दिवशी मला म्हणाल्या, "बघ." मी पान उलटून पाहिलं, देठ पाहिला आणि म्हटलं, "आली." त्यांनी मान हलवली. मला मिळालेली शाबासकी तेवढीच.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांचा धाकटा त्यांना पुण्याला घेऊन गेला. मुलगा चांगला आहे. आईच्या गुडघ्यांची त्याला काळजी होती. त्याने त्यांच्या खोलीत हीटर बसवला, अंघोळीला नळाचं गरम पाणी, पायाला मोजे, आणि खिडकी बंद. फोनवर खाला म्हणायच्या, "हौ, मजा हाय." सुरुवातीला ही शिवी होती. मला आवाजावरून कळायचं. पुढे पुढे ती शिवी राहिली नाही, आणि तेही मला आवाजावरून कळलं.

दोन वर्षांनी त्या गावी आल्या, मार्गशीर्षात, पंधरा दिवसांसाठी. मी सकाळी भेटायला गेले. खाला दार लावून आत बसल्या होत्या. कानटोपी, स्वेटर, वर शाल, मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी. चेहरा भरला होता, गालांवर तुकतुकी आली होती. मला म्हणाल्या, "दार लाव गं लवकर, वारं येतंय."

मी दार लावलं नाही. उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हटलं, "नाजूक."

वाटलं, आता पानदान अंगावर येईल. पण खाला हसायला लागल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. "हौ," म्हणाल्या. "देठ हिरवा झालाय माझा."

त्याच दिवशी मी यादी केली. बारा ओळींची. पहिला दिवस, उन्हात उंबऱ्यावर अर्धा तास. दुसरा दिवस, एक तास, रबरी पिशवी बंद. तिसऱ्या दिवशी कानटोपी काढणे. चौथ्या दिवशी अंगणात. असं करत करत बाराव्या दिवशी पहाटे घरून रोपवाटिकेपर्यंत चालत, फक्त शाल घेऊन. खालांनी बोट ठेवून सगळी वाचली. कागदाबद्दल काहीतरी ऐकायची माझी तयारी होती. त्यांनी ती खिळ्याला टोचली आणि विचारलं, "खूण तू करनार का म्या?"

त्यांनीच केल्या. आठव्या दिवशी त्या लिंबापर्यंत चालत आल्या आणि ट्रेवरून हात फिरवून पहिल्या रोपाला चापट मारली. नवव्या दिवशी पहाटे, ठरल्याच्या तीन दिवस आधीच, शाल घेऊन रोपवाटिकेच्या दारात उभ्या. दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांची पेरं थंडीने जांभळी पडली होती.

"बघ," म्हणाल्या. "आली."

त्याच दुपारी मुलगा गाडी घेऊन आला. गावात गारठा वाढतोय असं त्याने बातम्यांत पाहिलं होतं. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला, तो नम्रपणे ऐकून घेत होता आणि सामान भरत होता. गाडीत आधीच गरम हवा सुरू होती. खाला मागच्या सीटवर बसल्या. दार लागलं. मग काच खाली आली आणि त्यांचं नाक दिसलं, पूर्वीसारखं वर गेलेलं.

"तीन दिवसांत घालवतील बघ हे," त्या म्हणाल्या, आणि काच वर गेली.

पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. फेब्रुवारीत मुलाचा फोन आला. "आई झोपेतच गेली, ताई. त्रास काही झाला नाही. दोन रजया होत्या अंगावर, खोली गरम होती." बिचारा मला धीर देत होता. मी बरं म्हटलं. रजयांबद्दल जे तोंडात आलं होतं ते गिळलं, कारण ते बोलायचा हक्क ज्यांना होता त्या आता नव्हत्या.

त्यांची बारा ओळींची यादी माझ्याकडे आहे. नऊ खुणा आहेत, तीन जागा मोकळ्या. दारामागच्या माझ्या यादीशेजारी ती लावलेली आहे. माझ्या यादीत आता पहिली ओळ कायमची छापलेली आहे: 'बाहेरचे रोप आत नेऊ नये.'

वेळ अमावस्या अजूनही आमच्याकडेच होते. माणसं तेवढीच येतात. अंगणात, सारवलेल्या जागेवर, लिंबाखाली ट्रे मांडलेले असतात, आणि पंगत बसते आत पॉलीहाऊसमध्ये. भर दुपारी, प्लास्टिकखाली. आंबील प्यायची आणि घाम पुसायचा. यंदा नवऱ्याच्या ऑफिसातले एक साहेब, नवीन शर्ट, गालांवर तुकतुकी, भिजलेला रुमाल हातात घेऊन मला म्हणाले, "वहिनी, बाहेर काय छान गारवा आहे हो. ती रोपं जरा आत ठेवली तर आम्हाला बाहेर बसता येईल."

मी त्यांना आणखी एक उंडा वाढला.

"बाहेरची जागा कमावावी लागते, साहेब," मी म्हटलं. "नाजूक माणसांची सोय आतच आहे."